उलटा तवा

मार्चमधली दुपार, साडेतीनचा सुमार. शिवाजी नगरावरचं आभाळ हळदीचं पाणी सांडावं तसं पिवळं झालं, मग हिरवट. असला रंग मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाखरंही गप्प झाली होती.

सासूबाई उज्जैनच्या. गॅलरीतून आत येत म्हणाल्या, "ओले पडणार गं, गारा. आमच्याकडे अशा वेळी अंगणात तवा उलटा फेकायचे, की थांबायचे बघ."

"तिसऱ्या मजल्यावर कुठलं आलंय अंगण, आई? आणि पोरीसमोर असल्या भाकडकथा नकोत," मी फटकारलं. माझी जीभ तिखटच. आठ वर्षांची लेक खिडकीला नाक लावून उभी होती. तिचा बाबा ऑफिसातून स्कूटरवर निघाला होता, तिच्या डोक्यात तेवढंच.

गारा सुरू झाल्या. अगं बाई, लिंबाएवढ्या! मी धावत खोल्याखोल्यांच्या खिडक्या लावल्या. परत आले तर दार सताड उघडं आणि ओट्यावरचा तवा गायब.

जिने कशी उतरले, देवाला ठाऊक. विजा कडाडत होत्या आणि माझी पोर हातात लोखंड घेऊन बाहेर! समोरच्या मैदानात मधोमध ती उभी होती, तवा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. त्यावर गारा टणाटण आपटत होत्या. मी मार खात धावले, तिला ओढत जिन्याखाली आणलं, आधी एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून ढसाढसा रडले.

"फेकणारच होते," ती हुंदके देत म्हणाली, "पण खूप लागत होतं. आता बाबा कसा येईल?"

बाबा एका दुकानाच्या आडोशाला थांबला होता. तासाभराने धडधाकट आला. मी मात्र सासूबाईंना नको नको ते बोलले. "पोर गेली असती तुमच्या तव्यापायी!"

पंधरा दिवसांनी पुन्हा तोच पिवळा उजेड. मी तवा लपवायला स्वयंपाकघरात धावले. तवा नव्हता. लेकीला हाका मारत आतल्या खोलीत गेले, तर सासूबाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या, नातीचं मनगट घट्ट धरून. त्यांच्या धुवट साडीला काजळी लागली होती.

"तवा?" मी विचारलं.

"माझ्याखाली आहे. आभाळ निवळेपर्यंत मी उठत नाही. दार लावून ये, आणि तूही बस इथे."