इस्मोक मटण

आमच्या मालकांना अक्कल सोडून सगळं मिळालं होतं. सिंदीला स्टेशनसमोरचं हॉटेल वडिलांनी उभं करून दिलेलं. शेजारचा पाववाला बेकरी बंद करून गावाकडे गेला, तेव्हा त्याची भट्टीही ह्यांच्याच पदरात पडली. आयत्या बिळावर नागोबा! विटांची, लोखंडी दाराची ती भट्टी हॉटेलमागे वर्षभर थंड पडून होती. तशीच पडून राहिली असती तर माझं भलं झालं असतं. पण पन्नास सालानंतरच्या एका कापसाच्या हंगामात मालक नागपूरला गेले, कुठल्याशा साहेबाच्या खानसाम्याशी तासभर बोलले आणि विलायतेहून आल्यासारखे परत आले.

मी त्यांचा आचारी, पंचविशीतला. आल्या आल्या मला म्हणाले, "अबे, आता आपल्या हाटेलात इस्मोक होईन."

"इस्मोक मंजे?"

"धुरातलं मटन. साहेब लोक तेच खाते."

धूर काय आम्हाला नवा होता? भरिताची वांगी तुराट्यांवर भाजताना आमच्या प्रत्येक घरात धूरच असतो. निखाऱ्यावर तूप सोडून, वर झाकण घालून धुंगार द्यायला माझी आई कुठल्या बंगल्यावर शिकली नव्हती. पण बाई करते तो धुंगार आणि साहेब करतो ते इस्मोक. मालकांनी पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतली, 'येथे ताजे इस्मोक मटण मिळेल'. बाजाराच्या दिवशी एका शेतकऱ्याने ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि गल्ल्यावर येऊन विचारलं, "काय हो, हे इस्मोक मंजे कोन्तं जनावर होय?"

मालक त्याच्यावर खेकसले. तो बिचारा चहा पिऊन गेला. त्याच्या मागे बसलेल्या दोन कापूस व्यापाऱ्यांनाही इस्मोक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण अडाणी दिसायची भीती मोठी. त्यांनी दोन-दोन प्लेटी मागवल्या. आमची निम्मी गिऱ्हाईकं ह्याच जातीची.

पहिल्या दिवशीचं मटण चांगलं झालं होतं, हे मी कबूल करतो, कारण ते मी केलं होतं. सकाळी भट्टीत बाभळीचा जाळ करायचा. विटा तापल्या की निखारे एका कडेला ओढायचे आणि त्यांवर भिजवलेली पऱ्हाटी टाकायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहतात त्या काड्या. मीठ, हळद, लसूण चोळलेले मोठे तुकडे जाळीवर मांडून दार लावायचं, फटी ओल्या मातीने लिंपायच्या आणि तीन तास दाराला हात लावायचा नाही. मग ते तुकडे रश्शात सोडायचे. मला स्वतःचाच अभिमान वाटला. मालक मात्र गिऱ्हाइकांना सांगत होते की ही रीत त्यांची.

पुढे एकदा मटण उरलं. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटला होता. मी भांडं उकिरड्याकडे न्यायला निघालो, तर मालक आडवे आले. "टाक भट्टीत."

"मालक, आंबलं ते."

"धुरात काय समजते? लोक मटन खाऊन राह्यले का धूर खाऊन राह्यले, तुले काय करा लागते?"

त्या दिवशी सगळ्यात आधी तेच संपलं. तेव्हापासून ताजं मटण साध्या रश्शात जाऊ लागलं आणि उरलेलं तेवढं इस्मोक होऊ लागलं. मग आंबटलेलं वरण भट्टीत गेलं, भात गेला, मऊ पडलेली वांगी गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दर रविवारी येणारे एक मास्तर तर बोटं चाटत शेजाऱ्याला समजावून सांगायचे की धुराने जंतू मरतात, प्रकृतीला हे फार उत्तम. मास्तरांचं पोट बुधवारपर्यंत बिघडलेलं असायचं, आणि त्याचा दोष ते विहिरीच्या पाण्याला द्यायचे.

हे सगळं मी करत होतो, कारण मला लग्न करायचं होतं. सेलूची एक मुलगी होती. एका लग्नाच्या पंगतीत तिने माझ्या वरणाला तोंडावर पाणचट म्हटलं होतं, आणि ते पाणचटच होतं. तेव्हापासून माझ्या मनात दुसरी कोणी आली नाही. तिच्या वडिलांची सेलूला फुटाण्याची भट्टी होती. मध्यस्थाकडून त्यांचा निरोप आला होता, नोकरी पक्की असेल तर पुढचं बोलू. मालकांशी वाकडं घेतलं की नोकरी जाणार, नोकरी गेली की मुलगी जाणार. म्हणून मी गप्प होतो.

एका बाजाराच्या दिवशी मुलीचे वडील न कळवता आले. स्वयंपाकघराच्या जाळीतून मी त्यांना पाहिलं आणि लगेच ओळखलं, त्या लग्नाच्या पंगतीत ते होते. पांढरी टोपी, पायांवर धूळ. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून त्यांनी इस्मोक मटण मागितलं. माझ्याजवळ परवाचं होतं, दोनदा भट्टीत जाऊन आलेलं. संपलं म्हणून सांगता आलं असतं. पण गल्ल्यावर मालक बसले होते आणि भांड्यात किती आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी निखाऱ्यावर आणखी पऱ्हाटी टाकली, तुकड्यांना पुन्हा धूर दिला, वरून कोथिंबीर पेरली आणि ताट पाठवलं.

त्यांनी तुकडा उचलला, नाकाशी धरला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. भाकरी कांद्याशी खाल्ली, हात धुतले आणि सरळ मागच्या दाराने माझ्याकडे आले. भट्टीचं दार उघडून आत वाकून पाहिलं. जन्मभर भट्टीसमोर बसलेला माणूस. त्याला मी काय समजावणार!

"मले ओयखलं व्हतं तुमी?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो असतो, तर अनोळखी माणसाला मी असलं वाढतो असं ठरलं असतं. हो म्हणालो, तर त्याहून वाईट. खोटं बोलायलाही मला उशीर झाला.

"हो," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भट्टीचं दार त्यांनी हळूच लावलं.

"ओयखूनई वाढलं. मंग माह्या पोरीच्या ताटात काय वाढसान?"

आणि ते स्टेशनाकडे चालू लागले. मागे धावावं असं फार वाटलं, पण आतून मालकांनी हाक मारली, आणखी दोन इस्मोक. मालकांना मी आजवर मूर्ख, लोभी, काय काय म्हणत आलो. पण त्या दिवशी ती दोन ताटं मीच भरली.