कृष्णाताचा ट्रेलर

कृष्णाताचा हात तोंडाआधी चालायचा. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात त्याचा मार न खाल्लेला माणूस शोधावा लागला असता. हे वळण त्याला लावलं थोरल्या भावानं, हंबीररावानं. मी गावचा सुतार, ज्ञानू. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

एकोणचाळीस सालची गोष्ट. कृष्णात तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. गुऱ्हाळावर ऊस न्यायला त्यानं गाडी भरली ती धुरजड, म्हणजे सगळा भार पुढं जुवावर. दोन मैलांत बैलाची मान सोलून निघाली. बैल म्हणजे हंबीररावाचा जीव की प्राण. त्यानं भावाला गाडीच्या चाकाला बांधला, आसूड काढला आणि मला म्हणाला, “ज्ञानू, मोज.”

मी मोजलं. मोठ्यानं मोजलं. एकवीस झाले तेव्हा आसुडाच्या वादीला कातडं चिकटलं होतं.

“वझं मागं, मान मोकळी,” हंबीरराव धापा टाकत म्हणाला. “आता ध्यानात ऱ्हाईल.”

पाठीवरच्या खपल्या पडायच्या आत कृष्णात पळाला आणि पलटणीत भरती झाला. लढाईत पाच वर्षं त्यानं मोटारी दुरुस्त केल्या. परतल्यावर साठवलेल्या पगारात जुना लष्करी ट्रक घेतला आणि सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर पुण्याच्या लिलावातून एक मोडका ट्रेलर ओढत आणला. दोन चाकांचा, तळ कुजलेला, एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे तुटलेले, ट्रकला अडकवायची कडी झिजून लांबट झालेली. त्यावर बंद पडलेल्या मोटारी वाहायचा त्याचा बेत होता. गाव पोट धरून हसलं. मोटार न्यायला गाडी, म्हणजे बैल बैलगाडीत बसवून बाजाराला न्यायचा की!

दोन महिने माझ्या अंगणात घण वाजत होता. लोहाराकडून नवे पाटे आले, कडीला पोलादाचा पट्टा बसला. बाभळीच्या जाड फळ्या मी घातल्या, मोटारीची चाकं अडवायला लाकडी ठोकळे केले. शेवटी कृष्णातानं फळीवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढली.

“मोटारीची फुडची चाकं ह्या रेघंवर. बोटभरबी मागं न्हाई.”

“का रं?” मी विचारलं.

त्यानं हातातला पाना माझ्या तोंडावर फेकला. दोन दात पडले. “हुकूम हाय. का ते इचारायचं न्हाई.”

अजून मला त्याचा राग येतो. दातांचं सोडा, पण त्यानं तेव्हा चार शब्द बोलायला हवे होते.

पहिलंच काम आलं पाचगणीचं. एका बंगलेवाल्याची बंद पडलेली मोटार घाट उतरवून कराडला पोचवायची. दोघं भाऊ आठ वर्षं बोलत नव्हते, लढाईवरून आल्यावर एका घरात राहूनही. पण आईनं शपथ घातली, तेव्हा हंबीरराव मदतीला आला.

मोटार चढवली. चाकं रेघेवर आली. कृष्णात सही करायला बंगल्यात गेला. हंबीरराव ट्रकच्या मागं उभा राहून बघत होता. ट्रेलरच्या भारानं ट्रकचं बूड दबलं होतं.

“आरं ज्ञानू, ह्याची मान दबलीया बग,” तो कळवळून म्हणाला. “ह्या पोराला जलमात अक्कल आली न्हाई. घाटात खांदा जाईल ह्याचा.”

मी गाड्या करणारा माणूस. मलाही ती धुरजडच दिसली. मीच ठोकळे काढले. दोघांनी रेटा देऊन मोटार दीड हात मागं नेली, ठोकळे ठोकले, साखळी पुन्हा गुंडाळली. ट्रकचं बूड वर आलं. हंबीररावानं ट्रकवर थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी. आपण कृष्णातावर उपकार केले असं मला वाटलं. कृष्णात बाहेर आला तो ट्रेलरकडं न बघताच ट्रक चालू करून निघाला.

पसरणीच्या घाटात उतार लागला तसा ट्रेलर डुलायला लागला. आधी वीतभर, मग रस्ताभर. मोकळी मान बैलाला सुखाची. ट्रेलरला भार पुढंच लागतो, नाहीतर तो ट्रकलाच गरगरा फिरवतो. मला हे कळलं तेव्हा ट्रक आडवा झाला होता. कृष्णातानं करकचून ब्रेक दाबला. साखळी तुटली, मोटार ठोकळे उडवत पुढं आली, कडीचा खिळा तुटला. ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेला हंबीरराव रस्त्यावर फेकला गेला आणि ट्रेलरचा पुढचा लोखंडी दांडा त्याच्या मांडीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“मोटार मागं रेट, किस्ना! दांडा उचलंल!” तो ओरडत होता.

कृष्णात कपाळावरचं रक्त पुसत उतरला. त्यानं रिकामी रेघ पाहिली.

“मोटार कुणी हलीवली?”

“म्या,” हंबीरराव म्हणाला.

मी पहार उचलली. कृष्णातानं माझा गळा धरला. “थांब. ज्ञानू, मोज.”

मी भराभर मोजायला लागलो, तर त्यानं गळा आवळला. “आसूड पडत हुता तसं मोज.”

तसं मोजलं. एकेका आकड्याला हंबीरराव किंचाळत होता, रक्त गटाराकडं चाललं होतं. मीही होतो, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडं होतं माझं, पण त्यातून आकडेच निघाले. सतराला किंचाळी थांबली. तरी एकवीसपर्यंत मोजलं. मग आम्ही पहारी घालून मोटार मागं रेटली. ट्रेलर उलाळ झाला, म्हणजे भार मागं गेला, आणि दांडा अलगद वर उचलला गेला.

साताऱ्याच्या दवाखान्यात पाय मांडीपासून काढला. चौथ्या दिवशी हंबीररावानं डोळे उघडले. कृष्णात उशाशी बसला होता, मी दारात.

“दादा,” आठ वर्षांनी त्यानं हाक मारली. “मोटार तू एकल्यानं हलीवलीस?”

हंबीररावानं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. “व्हय. एकल्यानं.”

मोटार एकट्या माणसाच्यानं हलत नाही, हे पाच वर्षं मोटारीच उचलणाऱ्याला कुणी सांगायचं? कृष्णात उठून माझ्यासमोर आला. मी डोळे मिटून उभा राहिलो. मार पडला नाही. डोळे उघडले तेव्हा तो परत भावाच्या उशाशी बसून त्याला पाणी पाजत होता.

पुढं रोज सकाळी तो भावाला पाठंगुळी घेऊन माझ्या दारावरून मळ्यात जायचा. ट्रेलर पडून गंजला. कृष्णातानं पुन्हा कुणावर हात उचलला नाही, माझ्यावरही नाही. त्या दिवशी त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.