साहेबांच्या पोटाची लाइन

"ससा ओरडत नाही गं, म्हणून त्याचं पोट ऐकावं लागतं."

आत्या हे म्हणाली तेव्हा ती फरशीवर आडवी झाली होती आणि तिचा कान साहेबांच्या कुशीला लागला होता. साहेब म्हणजे राखाडी रंगाचा, फुगऱ्या गालांचा ससा. टेलिफोन एक्स्चेंजमधले तिचे वरिष्ठही तसेच गाल घेऊन दिवसभर काहीतरी चघळत बसायचे, त्यावरून हे नाव. भाची दारात उभी राहून हसत होती. पुढे किती वर्षं गेली, पण स्वतःच्या घरात दुपार शांत झाली की तिला तेच दिसायचं: फरशीवरचं ऊन, आत्याचा सुटलेला अंबाडा, आणि एका लहानशा जिवाच्या आत चाललेली कुजबुज.

खाली बेकरी होती, वर दोन खोल्या. बेकरी भाचीच्या वडिलांची. भाचीची आई गेली तेव्हा त्यांची थोरली बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. भट्टीची ऊब जिन्याने वर चढायची, साहेब सगळ्यात उबदार फरशी शोधून तिच्यावर पसरायचे.

आत्याचं आयुष्य कानावर चाललं होतं. बोर्डासमोर बसून ती एका गावाचा आवाज दुसऱ्या गावाला जोडायची. सशाच्या पोटालाही तिने तीच भाषा लावली. आत बारीक गुडगुड असली की, "लाइन चालू आहे." फारच गडगडलं की, "क्रॉस कनेक्शन! कोबी कोणी दिला?" सकाळी झाडू घेण्याआधी ती लेंड्या बघायची. "साहेबांनी सह्या केल्यात, कामकाज सुरू." मग वाळलेल्या गवताचा ढीग पुढ्यात पडायचा, तो दिवसभर संपू द्यायचा नाही. वर थोडा हिरवा पाला आणि स्वच्छ पाणी. केस झडायच्या दिवसांत ती त्यांना मांडीवर घेऊन विंचरायची, नाहीतर अंग चाटताना केस पोटात जातात. आणि संध्याकाळी दोन्ही खोल्यांतून पळवायची.

"ह्याच्या पोटात गवत सरकत राहिलं पाहिजे," ती सांगायची. "थांबलं की आंबतं, आंबलं की वायू धरतो. आणि ह्याला काही तुझ्या बापासारखी ढेकर देता येत नाही."

"ऐकतोय मी," खालून वडील ओरडायचे.

"ऐकण्यासाठीच बोलतेय!"

हे सगळं तिलाही आधीपासून ठाऊक नव्हतं. सुरुवातीला तीच साहेबांना गाजरं भरवायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई हसल्या होत्या, "अहो, गाजर ही ह्याची मिठाई. कधीतरी एक चकती पुरे." तेव्हापासून आत्या कडक झाली.

वडिलांना मात्र ते जमेना. जन्माचा बेकरीवाला माणूस. कोणाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्यांना माया करताच येत नसे. रडणारं पोर असो, चिडलेलं गिऱ्हाईक असो, त्यांचा हात आपोआप बरणीकडे जायचा.

एका दुपारी आत्या ड्यूटीवरून आली तर साहेब कोपऱ्यात अंग आखडून बसलेले. डोळे अर्धे मिटलेले, दात करकरत होते, गवताला तोंड लावलेलं नव्हतं. पोट हाताला ताणलेलं लागलं. आत्याने कान लावला. बराच वेळ लावला.

"लाइन बंद आहे," ती म्हणाली, आणि टॉवेलात गुंडाळून त्यांना घेऊन पळाली.

औषध आणि सलाइन देऊन डॉक्टरीणबाईंनी जीव वाचवला. उद्यापर्यंत थांबला असतात तर हाती काही उरलं नसतं, असंही सांगितलं. घरी आल्यावर आत्याने भावाला समोर उभं केलं.

"काय घातलंस?"

"बिस्किटाचा चुरा गं ताई. एवढासा."

"एवढासा कितीदा?"

वडिलांनी पिठाचे हात पुसले. "तो मागतो," ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांतच एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारी यंत्रं आली. आत्याची बदली दूरच्या गावी झाली. तिथल्या वसतिगृहात जनावराला परवानगी नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा एक रोपवाटिकावाला ससे पाळायचा. साहेबांना तिकडे पोचवून पुढे स्टेशन गाठायचं, असं आत्याने ठरवलं. भाचीने परोपरीने विनवलं, "मी सांभाळीन ना."

"तू कॉलेजात. मागे हा तुझा बाप असतो. हा त्याला लाडाने मारेल."

भाचीला वाटलं, आता हे घर एकदम दोघांनी रिकामं होणार.

निघायच्या सकाळी आत्याने टोपली आणली, झाकण उघडून ठेवलं. वडील चहा आणि ताजी बिस्किटं घेऊन वर आले. वास येताच साहेब मागच्या पायांवर उभे राहिले, पुढचे पंजे वडिलांच्या गुडघ्यावर टेकले. वडिलांनी एका बिस्किटाचा तुकडा मोडला.

"चाललाच आहे तो," ते आत्याकडे न बघता म्हणाले. "एक तुकडा. शेवटचा."

भाचीने त्यांचं मनगट धरलं. "नाही, बाबा."

"अगं, एवढासा..."

"नाही म्हणाले ना."

वडिलांना ती असं कधी बोलली नव्हती. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. तो सावकाश चावून संपवला.

"रोज असंच म्हणत जा मला," शेवटी ते म्हणाले. "मी चिडेन, वाट्टेल ते बोलेन. तरी म्हण."

भाचीने मान हलवली. साहेब खाली उतरले, गवताच्या ढिगाशी गेले आणि एक काडी ओढून कुरतडू लागले. तिघंही ती काडी आखूड होताना बघत राहिली.

आत्याने टोपलीचं झाकण लावलं. रिकामी टोपली पायाने पलंगाखाली सरकवली. पदराने नाक पुसलं, पेटी उचलली, आणि जिना उतरून गेली.