मर्वच्या हातून न गेलेला डाग

मर्व टॉड कुणाकडेही बघताना आधी डाग शोधतो. माझं पाईचं दुकान आणि त्याचं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, पण इतक्या वर्षांत त्याने माझ्या पाईला एकदाही नुसतं ‘छान’ म्हटलेलं नाही. "डाव्या कडेला जरा करपलीय, शोना," असं माझं नाव घेऊन म्हणणार आणि मग बोटं चाटत सगळी संपवणार.

तसा तो दुष्ट नाही. तरुणपणापासून तो इथल्या मांस कारखान्यात मेंढ्यांची कातडी तपासायचा. कातडं उजेडात धरायचं, कुठे काटा रुतलाय, कुठे कातरी लागलीय ते हाताने चाचपायचं आणि त्याची प्रत ठरवायची. त्याची बायको जॉइस त्याला सोडून नेपियर शहरी कायमची निघाली तेव्हा बसमध्ये चढता चढता मला म्हणाली, "अगं, मलाही उजेडात धरून बघतो हा. मी काय मेंढी आहे?" मला हसू आलं आणि नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं.

कारखान्याची नोकरी सुटली तेव्हा हाती आलेल्या पैशात त्याने हे दुकान टाकलं. न्यूझीलंडमधल्या आमच्या छोट्याशा वायरोआत रेकॉर्ड्सना गिऱ्हाईक कुठलं? सगळा माल टपालाने ओसाका, बर्लिन, मेलबर्नला जातो. रेकॉर्डला बारीकसा ओरखडा असला तरी मर्व आपणहून लिहून कळवतो. इतकं खरं सांगितलं तर विकणार काय, असं मी एकदा विचारलं. "खरं सांगतो म्हणून तर लोक न बघता घेतात," तो म्हणाला. ज्या रेकॉर्ड्सचे डाग निघत नाहीत त्या दारातल्या खोक्यात जातात. कुठलीही घ्या, दोन डॉलर.

डाग काढण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नाही. आमच्या इकडच्या रेकॉर्ड्सना डाग फार, आणि त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी कुणाकडे पार्टी असली की प्रत्येक घर आपापल्या रेकॉर्ड्स काखेत मारून जायचं. सकाळपर्यंत कुणाची कुठली काही कळायचं नाही. म्हणून जो तो लेबलावर खूण करायचा. आमच्या घराची निळी फुली. टिपोकी कुटुंबाचा लाल नेलपॉलिशचा ठिपका. आता संग्राहकांना कोरं लेबल हवं असतं. मर्व पातळ पात्याने नेलपॉलिशचा पापुद्रा उचलतो, कापसाच्या काडीने उरलंसुरलं टिपतो, आणि तिथे कधी काही होतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

"गाणं ऐकणारा माणूस लेबल कशाला बघेल?" मी एकदा म्हटलं.

"ऐकायला कोण घेतंय, शोना?" तो म्हणाला. मला रागच आला. ऐकायची नाही तर ती बशी आहे का भिंतीवर लावायची?

मागच्या हिवाळ्यात टिपोकी भावंडांतला थोरला भाऊ वारला. त्याच्या मुलाने घर रिकामं करताना रेकॉर्ड्सचं खोकं मर्वला विकलं. त्यात एक छोटी रेकॉर्ड होती. टिपोकी भावंडांची आई आणि तिच्या बहिणी गावच्या हॉलमध्ये गायल्या होत्या, ते कुणीतरी ध्वनिमुद्रित करून थोड्याशाच प्रती काढल्या होत्या. बऱ्याचशा पुरात गेल्या, बाकीच्या पार्ट्यांत झिजल्या. ही एक धडधाकट राहिली. ओसाकाच्या एका गृहस्थाने कळवलं, लेबल स्वच्छ असेल तर अठराशे डॉलर, नसेल तर नको. मर्वच्या दुकानाचं छप्पर गळतं, रेकॉर्ड्सच्या मधोमध तो बादली ठेवून बसतो. अठराशेत नवे पत्रे आले असते.

पण तो ठिपका जाईना. पापुद्रा निघाला, कागदात मुरलेला लाल रंग राहिला. आठवडाभर मर्व घासत होता. एका दुपारी मी पाई घेऊन गेले तर टेबलावर बशीत हिरवा रंग कालवलेला, अगदी लेबलाच्या हिरव्यासारखा. शेजारी बारीक कुंचला.

"हे काय रे?"

"काही नाही."

"घालवणं वेगळं आणि झाकणं वेगळं, असं तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?"

"पाई ठेव आणि जा, शोना. छप्पर काय तू घालून देणार आहेस?"

मी दुखावून वळले तोच दारात मेरेआना आंटी उभी. वारलेल्या थोरल्या टिपोकीची बहीण. काठी टेकत, डोक्यावर तीच जुनी विणलेली टोपी. गावातल्या निम्म्या पोरांना तिने पोहायला शिकवलंय, मलाही, चांगलं ओरडून ओरडून.

"मर्व, माझ्या भाच्याने तुला खोकं विकलं. त्यात आमच्या आईची रेकॉर्ड होती. ती परत हवीय."

मर्वने बशीवर फडकं टाकलं. "गाणं हवं असेल तर..."

"गाणं नातवाने फोनवर घालून दिलंय. गाणं नकोय मला." ती खुर्चीत बसली. "आई ठिपका लावत होती तेव्हा नोपेरा मांडीवर होता. माझा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा. ओल्या नेलपॉलिशवर त्याने अंगठा दाबला. आई ओरडली, मग हसली, आणि तसंच राहू दिलं. त्याच हिवाळ्यात त्याला नदीने नेलं. फोटो नाही रे त्याचा एकही. त्याच्या अंगठ्याच्या रेघा तेवढ्या आहेत तिथे."

ती पोरांवर का ओरडायची ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मर्वचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "मला... मला आठवत नाही, आंटी. विकली गेली असेल."

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस फार वाईट खोटं बोलतो. पैशासाठी बोलला असता तर मी तिथेच त्याचं वस्त्रहरण केलं असतं. पण त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज मला बघवेना. मी बशीवरचं फडकं उचललं; लेबलासाठी कालवलेला हिरवा रंग आंटीसमोर उघडा पडला.

मग मर्वने खण उघडला आणि रेकॉर्ड तिच्या हातात दिली.

"मी पुसलं, आंटी. मला ठाऊक नव्हतं. रेघा गेल्या."

"तो पापुद्रा?"

"कचऱ्यात. गाडी घेऊन गेली."

मेरेआना आंटी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रेकॉर्ड खिडकीपाशी नेली. हिरव्या लेबलावर एक गुलाबी डाग होता, वाटाण्यापेक्षा जरासा मोठा, एका बाजूला निमुळता. ठिपका असा नसतो. तिने त्यावर आपली करंगळी ठेवली. डाग करंगळीखाली पुरता झाकला गेला. तिने ती उचलली, पुन्हा ठेवली.

"एवढाच होता," ती म्हणाली. "एवढाच होता त्याचा अंगठा."

मग तिने मर्वकडे मान वळवली. "तुझ्या तावडीतून डाग सुटत नाही म्हणतात."

"नाही सुटत."

"मग हा?"

"सगळं करून बघितलं, आंटी. हा नाही गेला. नाही जमलं मला."

आमचा मर्व, अर्धवट कामाची ज्याला चीड, तो हे सांगताना रडत होता. मीही रडत होते, कबूल करायला काय हरकत आहे?

"किती द्यायचे?" तिने पर्स उघडली.

"काही नको..."

"फुकट नेणार नाही. भाव सांग."

मर्वने बाहीने डोळे पुसले. सवयीने रेकॉर्ड उजेडात धरली, तिरकी करून निरखली, उलटून पाहिली.

"लेबलावर डाग आहे," तो म्हणाला. "दोन डॉलर."

तिने दोन डॉलरचं नाणं टेबलावर ठेवलं. मर्वने ते गल्ल्यात टाकलं आणि बादली ओतायला मागच्या दाराने बाहेर गेला.