चार की साडेचार

अंगठेबहाद्दर म्हणजे खरं तर निरक्षर माणूस. पण टायरच्या दुकानातल्या या गृहस्थाला लोक अंगठेबहाद्दर म्हणायचे ते वेगळ्याच कारणानं, आणि त्यालाही ते नाव मनापासून आवडायचं. बाइकच्या रिमवर तिची रुंदी उठावदार आकड्यांत ओतलेली असते, कारखान्यातूनच. बाकीचे कारागीर बॅटरी मारून, वाकून, फडक्यानं पुसून ती वाचतात. हा नुसता अंगठा फिरवायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, "साडेपाच इंच. मागे एकशेऐंशी मिलिमीटर रुंदीचा टायर टाका, एकशेनव्वदचा हट्ट नको." गिऱ्हाईक वाकून बघायचं, तर खरंच साडेपाच. चौतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आता आतली गोष्ट. गेली तीन वर्षं त्याला लांबचं उत्तम दिसायचं, पण जवळचं धड दिसत नव्हतं. मग चष्मा करायला काय झालं होतं? काही नाही, अहंकार आडवा आला होता. ज्याचं नावच अंगठ्यावरून पडलंय त्यानं नाकावर चष्मा चढवला की लोक म्हणणार, संपला म्हातारा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून हा गप्प. बायकोला संशय होता, कारण पेपर तो हल्ली हातभर लांब धरायचा. पण विचारलं की म्हणायचा, "अगं, छपाईच बिघडलीय हल्ली."

शनिवारी संध्याकाळी जावई दुकानात आला. त्यानं नुकतीच एक जुनी स्पोर्ट्‌स बाइक घेतली होती. मागचा टायर एकशेपन्नासचा होता, आणि तो त्याला बारीक वाटत होता.

"बाबा, एकशेसाठ बसेल ना? मागनं कशी भरदार दिसली पाहिजे," जावई म्हणाला. "आधीच्या मालकानं रिम बदलून मोठी टाकलीय म्हणे."

दुसरं कुणी असतं तर अंगठेबहाद्दरानं त्याला तिथंच झाडलं असतं. टायर काय दिसण्यासाठी असतो का? चार इंची रिमवर एकशेसाठचा टायर कोंबला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो, बाइक वळणावर एकदम कलंडायला बघते. त्यात बाजूला चेन. टायर पाच मिलिमीटरनं जरी तिकडं सरकला तरी चेनला घासायचा. साडेचार इंची रिम असेल तर मात्र खुशाल टाका. हे सगळं तो झोपेतही सांगू शकला असता. पण समोर जावई होता, आणि लग्नाला चारच महिने झाले होते. नाही म्हणायचं जिवावर आलं.

त्यानं अंगठा फिरवला. आधी चार लागला, तो स्पष्ट होता. पुढच्या आकड्यावर चेनचं काळं तेल साकळलं होतं. तिथं काहीतरी सपाट रेघ लागल्यासारखी वाटली. इंग्रजी पाचाला असते तशी. आणि पाच असावा असं त्याला फार वाटत होतं.

"साडेचार," तो म्हणाला.

जावई खाली वाकला, रिमकडे बघितलं, क्षणभर थांबला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार, बाबा."

टायर बसला. रविवारी सकाळी जावई आणि लेक दोघं डोंगरापलीकडच्या तळ्यावर निघाले, लेक अर्थातच मागे बसून. नऊच्या सुमाराला बायकोच्या मोबाइलवर फोटो आला. जावयानं चहाच्या टपरीपाशी बाइक उभी करून चाकाचा फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'बाबांची कामगिरी'.

"बघा तरी किती छान," म्हणत बायकोनं फोटो बोटांनी मोठा केला. "आणि हे काय लिहिलंय रिमवर? चार, टिंब, शून्य, शून्य."

"पाच असेल," तो म्हणाला.

"मला शून्य आणि पाच कळत नाही का?"

टायर बसवताना रिमवरचं काळं तेल त्याच्याच फडक्यानं पुसलं गेलं होतं. त्यानं मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला, पण त्याला नुसतं करडं धुकं दिसलं. मोबाइल त्यानं बायकोकडे परत दिला आणि खुर्चीत बसला. पुढे घाट होता, बावीस वळणांचा, त्यानं स्वतः कितीदा तरी केलेला.

"लिही," तो म्हणाला. "सावकाश जा म्हणावं."

बायकोनं लिहिलं. लगेच लेकीचं उत्तर आलं, 'मागे मी आहे ना, सावकाशच जाणार. आता घाट चढतोय.'

"एवढंच सांगायचं होतं?" बायकोनं विचारलं. चेहरा तिनं बरोबर वाचला होता.

"मग काय सांगू? सासऱ्याला दिसत नाही, त्यानं भलताच टायर बसवलाय, हे सांगू जावयाला? चार माणसांत तोंड दाखवायला जागा राहील का?"

बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. मग तिनं लेकीचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "पोरगी मागे बसलीय," ती म्हणाली.

फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. घाटात रेंज नसते हे त्याला माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग? बायकोनं लिहून पाठवलं, 'थांबा. टायर चुकीचा आहे. चूक बाबांची.' ते पोचल्याची खूण काही उमटेना.

त्यानं दुकानात उतरवून ठेवलेला जुना टायर, पान्हे आणि पंप व्हॅनमध्ये टाकले आणि दोघं निघाली. वाटेत तो सारखा विचारत होता, "पोचला का? बघ ना, पोचला का?" समोर एक बाइक घसरून आडवी पडलेली दिसली तेव्हा त्यानं व्हॅन थांबवलीच. ती दुसऱ्याच कुणाची तरी होती, माणूस उठून कपडे झटकत होता. त्याला मदत करून हा परत व्हॅनमध्ये बसला तेव्हा किल्ली फिरवायची विसरून नुसता रस्त्याकडे बघत राहिला. बायको म्हणाली, "मी आहे. चालवा."

आठव्या वळणावर ती दोघं रस्त्याकडेला उभी दिसली. धडधाकट. लेक हेल्मेट हातात घेऊन दगडावर बसली होती. जावई चाकापाशी उकिडवा होता. अंगठेबहाद्दरानं व्हॅन जेमतेम उभी केली आणि धावत गेला.

"चरचर आवाज यायला लागला, बाबा," जावई म्हणाला. "मला वाटलं नवीन टायर आहे, येत असेल. मग वाढतच गेला म्हणून थांबलो, तर फोनला रेंज नाही."

त्यानं टायरच्या कडेला हात लावला. चेननं तिथं खाच पाडली होती, नखभर खोल. आणखी चार-पाच वळणं, मग काय झालं असतं ते त्यानं मनातही पुरतं येऊ दिलं नाही.

"माझं चुकलं," तो म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "रिम चारचीच आहे. मी साडेचार म्हणालो. मला जवळचं दिसत नाही, तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही."

जावई उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"मी बघितलं होतं, बाबा," तो हळूच म्हणाला. "काल खाली वाकलो तेव्हा. तेलाखाली मला शून्यच वाटला. पण तुम्ही साडेचार म्हणालात. म्हटलं, चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी काय शिकवणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि मी एकशेसाठला नाही म्हणालो नाही," अंगठेबहाद्दर म्हणाला, "कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं."

लेक दगडावरून उठली. ती आधी एकाकडे बघत होती, मग दुसऱ्याकडे.

"तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत होतात," ती म्हणाली, "आणि मागे मी बसले होते."

दोघांनी मिळून चाक काढलं, जुना एकशेपन्नास चढवला, हवा भरली. चेन आणि टायरमध्ये बोटभर जागा आहे हे जावयानं दोनदा बघून मोठ्यानं सांगितलं. काम झाल्यावर जावयानं लेकीपुढे तिचं हेल्मेट धरलं. तिनं ते घेतलं आणि वडिलांच्या हातात दिलं.

"व्हॅनची किल्ली द्या, बाबा. मी आईला घेऊन घरी जाते. तुम्ही यांच्या मागे बसा."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच हुज्जत घालायची सोय नव्हती. त्यानं किल्ली दिली. हेल्मेट डोक्याला घट्ट होत होतं, तरी चढवलं. त्या उंच, टीचभर सीटवर बसायला त्याला दोनदा प्रयत्न करावे लागले. खाली उतार होता, आणि आठ वळणं.

"बसलात का, बाबा?"

"बसलो," तो म्हणाला, आणि जावयाचे दोन्ही खांदे त्यानं गच्च धरले. "जावईबापू, मला काही चुकीचं दिसलं तर मी बोलणार हं. तुम्हाला राग आला तरी बोलणार."

"बोला," जावई म्हणाला. "मीही बोलेन."