दाखवायचा पाय

गेनूभाऊ कंपौंडर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. कामशेतच्या दवाखान्याची पायरी कोणी चढलं की त्यांची नजर थेट जखमेवर. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "काय डावी नडगी, आज उशीर?" असं मला म्हणत. बाकावर माझ्या शेजारी 'भाजलेला कोपर' आणि 'बैलाचा खूर' बसलेले असत.

पवनेचं धरण बांधायला घेतलं, त्या सुमाराची गोष्ट. भात कापताना नडगीला विळा लागला आणि ती जखम दीड वर्ष भरली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाडापर्यंत गेली तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. मी पंचवीस वर्षांची. एका पायाच्या सुनेचं घरात काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

तेव्हा सगळे जखम सुकवायचे. पावडर टाका, उन्हात पाय धरा, खपली धरली की झालं. गेनूभाऊंचं उलटं. "सुकवायला ती काय मिरची हाय? कातडी वल्ल्यातच धरती." कोरडं फडकं जखमेला चिकटतं आणि ओढताना नवी कातडी घेऊन येतं, हे त्यांनी वीस वर्षं फडकी ओढून पाहिलं होतं. ते जखम उकळलेल्या पाण्याने धूत, कोरफडीचा थलथलीत गर ठेवत, वर वाफवलेलं केळीचं पान आणि त्यावर पट्टी. डॉक्टर आले की पान टेबलाखाली. हल्ली दवाखान्यात तशीच गार, थलथलीत जेलची पट्टी मिळते. नातसून म्हणते, नवीन शोध आहे. असेल.

"चार दिस हात लावायचा न्हाई," गेनूभाऊ म्हणाले. "भात शिजताना सारखं झाकण काढून बघती का तू?"

"बघते."

"मंग तुजा भात कच्चा ऱ्हात आसंल."

राहायचा. खोटं कशाला बोलू?

पण आमच्या गावात आजाऱ्याला बघायला येतात. आलेल्याला चहा द्यायचा आणि जखम दाखवायची. नुसत्या चहावर बोळवण केली तर माणूस रुसतं. सासूबाई माझी पट्टी दिवसातून चारदा सोडत आणि बघणारा प्रत्येकजण जखमेत काहीतरी घालून जाई.

चौथ्या दिवशी गेनूभाऊंनी पट्टी सोडली आणि वाकून पाहिलं. "ही राख. हा चुना. आन ही तपकीर कुनाची?"

"चिंधूमावशीची," मी म्हटलं. मावशी आमच्या शेजारी राहत आणि निम्म्या गावाला औषध देत.

"हा पाय हाय का गावची चावडी?"

बाहेरच्या बाकावरून सासूबाई ओरडल्या, "घरी आलेल्याला न्हाई कसं म्हनायचं, भाऊ? रीत हाय का ती?"

गेनूभाऊंनी डावा पाय पुन्हा धुऊन बांधला. मग माझा धडधाकट उजवा पाय मांडीवर घेतला, त्याला जांभळं औषध फासलं, वर कणकेची खळ आणि हळद थापली आणि झकास पट्टी बांधली. सासूबाईंना आत बोलावलं.

"वाईट झालं बगा. उजव्याला बी लागलं."

"आगं बया! सकाळी तर धड हुता!"

"आसंच आसतंय ते. ह्याला वारा पायजे. येईल त्याला उघडून दाखवा. पन डाव्याला वारा लागला, तर दोनी जातील."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गेनूभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "त्यो गावाचा. ह्यो माजा."

पुढचे दोन महिने उजव्या पायाने सगळे पाहुणे सांभाळले. लोक जांभळा रंग बघून हळहळत. एकाला तर त्यात हाड दिसलं. चिंधूमावशी रोज तपकीर भरत आणि मी कण्हत असे. कण्हणं मला चांगलं जमायला लागलं. डाव्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पानाखाली तो कडेकडेने भरत गेला. लावणीला मी दोन्ही पायांवर खाचरात उभी होते.

"आता सांगू का सगळ्यांना?" मी गेनूभाऊंना विचारलं.

"कशापायी? मावशीनं दोन म्हयनं तपकीर घातली. तिला बी एक पाय बरा करू दे की."

वर्षभराने ते कामशेतच्या बाजारात दिसले. मी "भाऊ" म्हणून हाक मारली, तर बघतच राहिले. मला राग आला. भर बाजारात लुगडं वीतभर वर घेतलं आणि पाय पुढे केला. बटाट्याच्या ढिगाशेजारी ते उकिडवे बसले आणि व्रणावरून अंगठा फिरवला.

"डावी नडगी! म्हंजी तुजं तोंड आसं हाय व्हय!"

गेनूभाऊ वारले तेव्हा मी चिंधूमावशींना घेऊन त्यांच्या घरी गेले. मावशी तिथेही बायकांना सांगायला लागल्या, "हिचा पाय मी बरा केला."

"कुठला?" कोणीतरी विचारलं.

"उजवा. लय वंगाळ हुता." मग निजवलेल्या गेनूभाऊंकडे हात करून म्हणाल्या, "डावा ह्यांनी केला. त्यो बारका हुता."

मी पदर तोंडात कोंबला. अंग हलायचं थांबेना. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगं गं," त्या म्हणाल्या. "मी हाय की अजून."