रुकय्याच्या खोलीतलं घड्याळ

रुकय्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत एका सभागृहाच्या दारात भाषणाचे कागद घेऊन उभा होतो. मुलांच्या मानसिक आरोग्यावरचा कार्यक्रम होता. निमंत्रण मुळात तिला होतं. लाउडस्पीकर सोसत नाही म्हणून तिनेच माझं नाव सुचवलं होतं. आठवडाभर ती डेंग्यूने अकोल्याच्या दवाखान्यात होती, पण उतार पडतोय असं कळलं होतं... वय चौतीस. मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, आता इथेही सगळे तिच्याबद्दलच बोलणार. रडू त्यानंतर आलं.

अकोल्याच्या मुलांच्या एका लहान उपचार केंद्रात आम्ही दोघं समुपदेशक सहा वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत बसलो. मी अंजनगाव सुर्जीचा, घरातला पहिला पदवीधर. ती बाळापूरची, सतरंज्या विणणाऱ्या घरातली. स्वमग्न मुलांबरोबर काम करता करता आपणही तशाच आहोत हे तिला उमगलं. तिने रीतसर तपासणी करून घेतली आणि पहिल्याच भेटीत पालकांना सांगू लागली, "मी बी ऑटिस्टिक आहे." मला वाटलं, पालक पळतील. झालं उलटंच. आपलं लेकरू मोठं होऊन असं खुर्चीत बसू शकतं, हे आयांना समोर दिसायचं. माझी खोली मोकळी असली तरी त्या तिच्यासाठी बाकावर बसून राहायच्या.

हे मला खुपायचं. त्याहून खुपायचं ते तिचं उघडपणे सांगणं. माझं लक्ष लहानपणापासून भरकटतं. शाळेत त्यासाठी मार खाल्ला, पुढे तळहातावर लिहून, तीन-तीन गजर लावून निभावलं. एकदा वेळ देऊन विसरलो. एक आई लेकराला घेऊन आली तशी परत गेली. मी तापाचं कारण सांगितलं. माझ्यासारख्या घरातून आलेल्याला उणीव दाखवणं परवडत नाही, अशी माझी समजूत. आणि हिला ती सांगून मान मिळत होता.

एका मुलाची भेट संपली की ती दिवा मालवून अर्धा तास एकटी बसायची. दिवसाला चारच मुलं घ्यायची, मी आठ. एका बैठकीत मी संचालकांपुढे बोललो, की पालक ताटकळतात आणि मॅडम अंधारात आराम करतात. ती रागावली नाही. टेबलाकडे पाहत म्हणाली, "थांबली नाही तर पुढच्या लेकराले मी अर्धीच भेटीन." मग मला विचारलं, "गजूभाऊ, तुमी कवा थांबता?"

दुसऱ्या दिवशी जेवून आलो तर तिच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या भिंतीवर. नको असलेली वस्तू माझ्याकडे ढकलली, असं वाटून मी जाब विचारला.

"मले त्याची टिकटिक सोसत नाही, तुमाले लागते. दिवसभर पेन वाजवून राहिले तुमी, त्यापेक्षा हे बरं." मग हळूच म्हणाली, "तपासून घ्या ना एकदा. थकत नाही का लपवून?"

तीन आठवडे मी तिच्याशी बोललो नाही. घड्याळ मात्र उतरवलं नाही. त्या आवाजात माझं लक्ष खरंच टिकत होतं, आणि त्याचाही राग येत होता. शेवटी तिला न सांगता तपासणी करून आलो. कागदावर लिहून आलं, एडीएचडी. तिचा अंदाज बरोबर निघाला, म्हणून तो कागद तिला दाखवायला मन होईना. महिनाभर बॅगेत ठेवला. भाषण झालं की दाखवू, असं ठरवलं होतं... भाषण न करता मी अकोल्याची एसटी धरली.

तिच्याकडे येणारी नऊ वर्षांची श्रावणी आता माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहून कान झाकले. मी सेल काढून खिशात ठेवला. टिकटिक थांबल्यावर माझं मन पंख्यावर, खिडकीवर फिरू लागलं. मी तिला सांगितलं, की माझं लक्ष पळतं, पळालं तर टेबलावर टिचकी मार. आयुष्यात पहिल्यांदा हे मी कुणाला सांगितलं. तिने टिचकी मारली, बरीच मारली. निघताना विचारलं, "ताईच्या खोलीत कवा बसायचं?" मला पुन्हा तसंच खुपलं. अजूनही पहिली तीच.

श्रावणी घरी गेली की मी सेल परत घालतो, दिवा मालवतो आणि टिकटिक ऐकत अर्धा तास बसतो. बाहेर बाकावर पुढचे पालक थांबलेले असतात. थांबू देतो.